बापाचं सुतक

मोरेश्वरचं पहिलं मूल गेलं. म्हणजे तसं काही झालंच नव्हतं. सुनेला दिवस गेल्याचं तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर कळू द्यायचं नाही, असा त्याच्या आईचा दंडक होता. आणि जे आलंच नव्हतं, ते जाणार कसं?

म्हणून ठाण्याच्या त्या घरात सुईण बोलवायलाही बंदी होती. बायकोचं, सगुणाचं, पोट दुखायला लागलं, तसा मोरेश्वर गुपचूप खाडी ओलांडून कळव्याच्या शेवंती सुईणीला सांगून आला, "एकदा नुसतं बघून जा." ती आली तोवर सगळं आटोपलं होतं. सगुणा भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि सासू दारात उभी.

"घर चुकलीस गं. इथं कोणाला काही नाही."

"खरं हाय बाय," आत बघत शेवंती म्हणाली, "आता नाय."

मोरेश्वर तडक भटजींकडे गेला. "काका, सुतक किती दिवस पाळू?"

"एवढ्याशा गर्भाचं? बाईला तीन दिवस. तुला कसलं रे? आंघोळ केलीस की सुटलास."

मोरेश्वर हलला नाही. कचेरीत साहेबापुढे उभा राहायचा, तसे हात जोडून म्हणाला,



"तरी मेहेरबान होऊन मलाही दहा दिवसांचे सुतक मंजूर व्हावे, ही विनंती."