धवलेरीचं गाणं तोडू नये

नवशीचं परीक्षण वाचून उमेशने लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला आणि तेच परत वाचलं. खपली काढून बघायची काहींना सवयच असते.

उमेश चिखल्याच्या आपल्या चिकूवाडीत बसून मोठ्यांसाठीचे गेम बनवायचा. पडद्यावर चित्र, खाली संवाद आणि मधूनमधून खेळणाऱ्यापुढे दोन-तीन पर्याय. जसं निवडाल तशी गोष्ट वळते. प्रेम, शरीर, संसार, सगळं उघड. घरी तो 'वेबसाइटचं काम' म्हणून सांगायचा. काळी नावाच्या वारली बाईची गोष्ट सांगणाऱ्या 'काळीचा उंबरा' या त्याच्या गेमचा पहिला भाग लोकांनी डोक्यावर घेतला होता. दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण आलं आणि नवशी नावाच्या कुणा बाईने त्याची सालटी काढली.

तिचं म्हणणं असं, की या खेळाचं बळ एकच आहे. पुस्तकात पाप लेखकाचं असतं, इथे बोट तुमचं असतं. काळीला तुम्ही फसवलंत तर ते मनातून जात नाही. दुसऱ्या भागात नेमकं तेच हरवलं. पर्याय तीन, पण तिन्ही दारं एकाच खोलीत उघडतात. काळी नाही म्हणाली तरी पुढच्या चित्रात ती त्याच खाटेवर हसत बसलेली. शेवटी लिहिलं होतं, 'पहिला भाग ज्याने लिहिला तो हा माणूस वाटत नाही.'

लोकांना ते पटलं आणि खेळणारे गळू लागले. दुसरा भाग पडला तर उमेशचं नाव कायमचं बुडणार होतं. त्याला इतका राग आला की जेवणही गोड लागेना. सूड घ्यायचाच, पण भांडून नाही. जिने आपली लाज काढली तिच्याच हातून गेम लिहून घ्यायचा आणि वर आपलं नाव टाकायचं. मग तिने कितीही बोंब मारू दे. असले गेम मी लिहिते, हे चारचौघांत सांगणं बाईमाणसाला परवडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या भागाच्या वेळी तलासरीची हर्षदा टायपिंगला यायची. तुझं नाव नको, तुझ्याच भल्यासाठी, असं त्याने तिला सांगितलं होतं आणि ती निमूट गेली होती.

त्याने शितल नावाने खातं उघडलं. मीही असा गेम करतेय, मला शिकवाल का, असं नवशीला लिहिलं. उत्तर लगेच आलं. बाई भोळी निघाली.

शिकवायचं म्हणून तिने काळीचीच गोष्ट हातात घेतली. तिने लिहिलं, की उमेशची काळी 'लग्नाआधी नको' म्हणते, ते शहरातलं झालं. आमच्या पाड्यांवर आधी संसार मांडतात, लग्न जमेल तेव्हा लागतं. आईबापाच्या लग्नाच्या मांडवात पोरं नाचतात. तेव्हा 'राहू का' हा काळीचा प्रश्नच नाही. इतकी वर्षं याच्या घरात काढली, आता याच्याशी लग्न लावू का, हा तिचा प्रश्न. आणि आता ती नाही म्हणाली तर?

उमेशने ते दोनदा वाचलं. हे त्याला सात जन्मांत सुचलं नसतं. लिही बाई, लिही, असं म्हणत तो एकेक फाटा उतरवून घेऊ लागला. काळी निघून जाते तो फाटा, ती राहते आणि बोलणं टाकते तो फाटा. शितल बावळट प्रश्न विचारायची, नवशी पानंच्या पानं लिहून पाठवायची. तिच्या प्रत्येक निरोपाला त्याला तिचा पुढचा रडवेला चेहरा दिसायचा. तेवढ्यानेच त्याला झोप छान लागायची.

लग्नाच्या प्रसंगासाठी तिने धवलेरीचं गाणं पाठवलं. धवलेरी म्हणजे वारल्यांची लग्नं गाऊन लावणारी बाई. गाणं वारली बोलीतलं आणि भलतंच लांब होतं. नवशीने बजावलं, 'धवलेरीचं गाणं मध्येच तोडू नये. तोडलं तर लग्न लागत नाही. जो ऐकत बसेल त्याला शेवटपर्यंत ऐकू दे.' उमेशने सुरुवात ऐकली. धरतरी, कणसरी, देवांची नावं. झकास वाटलं. त्याने खाली दोन पर्याय टाकले: 'थांबायचं' आणि 'उठायचं'. गेम तपासताना तो स्वतः दर वेळी 'उठायचं' दाबत गेला. आचाऱ्याला पंगतीत बसायला वेळ कुठला?

दुसरा भाग आला आणि गाजला. गाणं ऐकत थांबलो, असं कितीतरी जणांनी लिहिलं. लोकांनी गेम उतरवून घेतला, एकमेकांना पाठवला. आता तो परत बोलावणं कुणाच्याच हातात नव्हतं. पहिल्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं, 'कथा : उमेश'.

मग त्याने स्वतःच्या नावाने नवशीला लिहिलं. शितल मीच होतो. कसा वाटला तुझा गेम?

शिव्या येतील म्हणून तो वाट बघत बसला. आलं ते एवढंच: 'गाणं तोडलं नाहीस ना?'

'शेवटपर्यंत आहे,' त्याने लिहिलं.

'मग लागलं लग्न.'

रडायचंही कळत नाही बिचारीला, असं म्हणून तो हसला. आनंदात त्याने ओटीवर लॅपटॉप आणला, चित्र झाकलं आणि नुसतं गाणं मोठ्याने लावलं. तलासरीकडच्या पाड्यावरून कामाला येणारी बायजी तिथेच चिकू निवडत होती. तेवढ्यात अभिनंदनाचा फोन आला, मग दुसरा. बोलत बोलत तो पार वाडीच्या टोकापर्यंत गेला.

परत आला तेव्हा गाणं संपत होतं. बायजीचा हात चिकूवर तसाच थांबला होता.

"शेट," ती म्हणाली, "ही हर्षदा कोण? बाई गाण्यात सांगते का काळी तिची हाय, नि चिखल्याच्या उमेशनं ती दोनदा चोरली."