एका वेळी एकच

"परत तेच," तो म्हणाला. "तुमच्यातला दोष सांगा म्हटलं, की तू खरोखरचे दोष मोजायला बसतेस. मुलाखतीला गेली आहेस, कबुलीजबाब द्यायला नाही."

"विचारल्यावर सांगायला नको का, सर?"

"एक सांगायचा. छोटासा. आणि त्यावर काय उपाय करतेस, तेही सांगायचं. कितव्यांदा सांगतोय?"

"पाचव्यांदा."

"म्हणजे मोजतेस तरी."

ती हसली आणि तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. ती सगळं लिहून घ्यायची, तरी पुढच्या बुधवारी पालथ्या घड्यावर पाणी. नजर खाली, हाताला पेनाचा चाळा. वाक्य अर्ध्यावर सोडायचं आणि तो पुरं करेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं.

तीस वर्षं तो एका कारखान्याच्या नोकरभरतीत होता. टेबलापलीकडून त्यानं हजारो माणसं ऐकली होती. निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत बायको गेली. त्यानंतरचे सात महिने कुणाशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, लोकांची मुलाखतीची तयारी करून घ्या. माझ्या ओळखीत एक मुलगी आहे, तिला अगदी गरज आहे."

तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. मुलीनं तेच हो धरलं.

पहिल्या दिवशी तो तीनच वाक्यं बोलला होता. तीही विद्यार्थिनीची चूक सहन होईना म्हणून.

आता मात्र त्याचा बेत पक्का होता. आठवड्याला चार विद्यार्थी, प्रत्येकाला तासभर. एका वेळी एकच माणूस, घोळका नाही. एवढं जमलं तर गाडं चालत राहील. घरी बायकोच्या शिवणाच्या खोलीत त्यानं दोन खुर्च्या मांडूनही ठेवल्या होत्या. सध्या तोच हिच्याकडे यायचा, कारण तिला ते सोयीचं आहे असं मुलगी म्हणाली होती. फीचंही मुलगीच बघायची. खोली नीटनेटकी होती. समोरासमोर दोन खुर्च्या, सरावाला भिंतीवर आरसा, तिला दिसेल असं घड्याळ.

अडचण एवढीच की दुसरं कुणी मिळत नव्हतं. आणि मुलीनं बजावलं होतं, "महिनाअखेरपर्यंत बघू. दिवसभर एका शब्दाविना तुम्हाला एकटं राहू देणार नाही मी. घर बंद करायचं आणि आमच्याकडे यायचं."

घर बंद म्हणजे शिवणाची खोलीही बंद. हातात होती ती ही एकच विद्यार्थिनी, आणि तिची मुलाखत सोमवारवर आली होती.

"चला," तो खुर्चीत सरसावून बसला. "पहिल्यापासून. स्वतःबद्दल सांगा."

तिनं पेन खाली ठेवलं. सरळ त्याच्याकडे बघितलं आणि ती चार मिनिटं न अडखळता बोलली. दोष एकच सांगितला, छोटासा, उपायासकट.

त्यानं चष्मा काढून बाजूला ठेवला.

"बरं झालं का, सर? की सोमवारनंतरही अजून महिनाभर..."

तिनं नेहमीसारखं वाक्य अर्ध्यावर सोडलं. ते पुरं करणं त्याच्याच हातात होतं. 'येत राहीन' एवढं म्हटलं असतं तर महिनाअखेर निभावली असती.

"माझी बायको शिवायची," तो म्हणाला. "ती म्हणायची, कपडा बेतून झाला की कात्री खाली ठेवावी. उगाच आणखी कापत बसलं की बिघडतो."

बायको गेल्यापासून तिच्याबद्दल तो कुणापुढे बोलला नव्हता. आता बोलत राहिला. तिच्या तोंडातल्या टाचण्या, त्या तशाच तोंडात धरून त्याला दिलेल्या शिव्या, उसवलेल्या बाह्या आणून फुकट शिवून घेणाऱ्या शेजारणी. विद्यार्थिनीनं काही लिहिलं नाही. एकदा फक्त घड्याळाकडे बघितलं.

"वीस मिनिटं," ती हळूच म्हणाली.

"उशीर होतोय का तुला?"

"नाही, सर. अजिबात नाही."

"तर आता येणं बंद. पुढच्या बुधवारी माझी वाट बघू नकोस. तुला माझी गरज उरलेली नाही."

तिचे डोळे भरून आले. मुलाखतीची धास्ती, त्याला वाटलं.

"आणि तुमचं काय, सर?"

"माझं काय? मिळेल कुणीतरी. नाही मिळालं तर मुलीशी भांडेन. तेवढं बोलता येतं मला."

"येतं, सर," ती म्हणाली.

जिन्यात त्याला नेहमीची म्हातारी भेटली. दर बुधवारी पाचच्या सुमाराला ती मुलाच्या हाताला धरून वर जायची. वरच्या मजल्यावर राहत असावी. तो दर वेळी "सावकाश, आजी" म्हणायचा, आणि ती कधीच उत्तर द्यायची नाही. कमी ऐकू येत असेल. आज तिच्या पिशवीतून लोकरीचा गुंडा आणि विणायच्या सुया डोकावत होत्या.

खाली येऊन त्यानं खिसा चाचपला. चष्मा वरच राहिला होता. तो धापा टाकत परत दोन मजले चढला.

दार बंद होतं. आजवर तो यायचा तेव्हा ती दार सताड उघडून उभी असायची, त्यामुळे दारावरची पाटी त्यानं कधी बघितलीच नव्हती. चष्म्याशिवाय वाचायला तो अगदी जवळ गेला.

'वाचा-उपचार केंद्र', पाटीवर लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात, 'एका वेळी एकच'.

आतून त्याच्या विद्यार्थिनीचा आवाज आला. तोच, अडखळणारा, अर्ध्यावर थांबणारा.

"टाका परत निसटला, आजी. माझ्या हाताला वळणच नाही. ही सुई अशी धरायची, की..."

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एक घोगरा, गंजलेला आवाज म्हणाला, "उलटी... धरलीस, बये."