डावी बाजू

स्टॉलवर एक यंत्र होतं, एक अरुंद खाट, जेलच्या सहा बाटल्या, पुसायच्या कागदाची दोन रिळं, तीन खुर्च्या, माहितीपत्रकांचे चार गठ्ठे आणि एक मान. मान तिची होती.

ती कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून. मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं. दवाखान्यांच्या यंत्रांच्या या प्रदर्शनात खरं तर तिचं काही काम नव्हतं. पण सोनोग्राफी दाखवायला खाटेवर कुणीतरी झोपायला हवं, आणि ठरवलेली मुलगी आयत्या वेळी फिरकलीच नाही. साहेब म्हणाले, "तुमची मान लांब आहे, तुम्हीच झोपा. झोपायचा पगार कुणाला मिळतो?"

पहिल्या दिवशी तिला गंमत वाटली. लोक यायचे, वाकून तिच्या गळ्याच्या आतलं बघायचे आणि किंमत विचारायचे. यंत्र चालवायला एक मुलगी होती. दिवसभर चिवचिवायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. खाटेवर झोपलेल्या तिच्या गळ्यावर यंत्राची मूठ, म्हणजे प्रोब, फिरवत चिमणी पाहुण्यांना सांगायची, "हा बघा थायरॉइड. अगदी फुलपाखरू! हा उजवा पंख, हा डावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टॉलवर आली, तर यंत्राच्या पडद्यावर एक चित्र थांबलेलं होतं. करड्या रंगात काळा डाग, डागाच्या दोन टोकांना दोन फुल्या, मध्ये ठिपक्यांची रेघ. खाली लिहिलं होतं: डावी बाजू, २३ मिमी.

चिमणीने तिला पाहिलं आणि बटण दाबलं. पडदा कोरा.

"काय होतं गं ते?"

"काही नाही ताई. असंच."

त्या दिवसापासून चिमणीची चिवचिव थांबली. प्रोब उजवीकडे फिरायचा, मधोमध यायचा आणि तिथूनच माघारी जायचा. डावीकडे एकदाही नाही. एका पाहुण्याने विचारलंच, "आणि दुसरा पंख?"

"तोही तसाच असतो सर," चिमणी म्हणाली आणि तिने पुढच्या पाहुण्याच्या हातात माहितीपत्रक दिलं.

खाटेवर पडल्या पडल्या तिला मावशी आठवली. तिच्या मावशीच्या गळ्यातही गाठ निघाली होती. आधी आवाज गेला, मग मावशी. आता ती तासातासाला उठून स्वच्छतागृहाच्या आरशासमोर उभी राहायची आणि डावी बाजू चाचपायची. कधी बोटांना काहीतरी लागायचं, कधी काहीच नाही. घोट गिळला की अडकल्यासारखं वाटायचं.

जेवणाच्या सुट्टीत तिने खोक्यांच्या आडोशाला बसून नवऱ्याला फोन लावला.

"अहो, मला काही झालं तर..."

"काय होणारे? दिवसभर लोळतेस तर. इकडे मी दोन वेळा भांडी घासतोय."

"जरा नीट ऐका ना."

"ऐकतोय गं. हे बघ, तुझी लेक विचारतेय, आईचा गळा टीव्हीवर दिसणार का?"

"दिसेल हं," म्हणून तिने फोन ठेवला.

चौथ्या, शेवटच्या दिवशी ती स्टॉलच्या पडद्याआड चप्पल काढत होती. पलीकडे साहेब दबक्या आवाजात चिमणीला झापत होते. "दुपारी मोठे डॉक्टर येतायत. दहा यंत्रं घेणारेत. आज इथे रडारड नको. आपण यंत्र विकतो, कळलं?"

साहेब फोनवर बोलत बाहेर गेले, तशी तिने चिमणीचं मनगटच धरलं.

"खरं सांग. ते चित्र माझं होतं ना?"

चिमणीने मनगट सोडवून घ्यायला बघितलं.

"सांग गं. माझी लेक सात वर्षांची आहे."

चिमणीने मान खाली घातली. "तुमचं नव्हतं ताई. माझं होतं."

"म्हणजे?"

"रोज सकाळी मी स्वतःच्या गळ्यावर यंत्र जुळवून घेते. त्यात दिसलं. म्हणून डावीकडे हात जात नाही माझा." तिचे डोळे भरून आले.

ताईंचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच स्वतःची लाज वाटली. केवढीशी ही पोर, तीन दिवस हे एकटीने गिळून उभी होती.

"घरी सांगितलंस?"

"नाही."

"वेडी कुठली!" तिने जेल पुसायच्या कागदाने चिमणीचे डोळे पुसले. मग ती बाटलीभर पाणी प्यायली. काही अडकलं नाही.

दुपारी मोठे डॉक्टर आले. म्हातारे, कमी बोलणारे. "मी स्वतः चालवून बघतो," म्हणाले.

तिच्या डोक्यात लख्खकन विचार आला. ती खाटेवरून खाली उतरली.

"साहेब, आता हिला झोपू द्या. माझी मान काय, चार दिवस सगळ्यांनी बघितली."

चिमणी पांढरीफटक पडली. "नको ताई. मी यंत्रापाशी हवी."

"बटणं डॉक्टरांना कळतात गं."

साहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले, "चालेल. कुणीही चालेल."

तिने चिमणीला दंडाला धरून खाटेवर बसवलं, कानाशी वाकली. "फुकटात एवढा मोठा डॉक्टर मिळतोय. घाबरू नकोस. मी आहे ना."

चिमणीने तिच्याकडे पाहिलं. मग ती आडवी झाली आणि तिने डोळे मिटले. ताईंनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"डॉक्टर, डावीकडे जरा नीट बघा हं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी घाई केली नाही. प्रोब उजवीकडे फिरला, मधोमध आला, डावीकडे गेला, तिथे बराच वेळ थांबला. पडद्यावर फुल्या उमटल्या, ठिपक्यांच्या रेघा ओढल्या गेल्या.

"उजवा भाग पंधरा मिलिमीटर," डॉक्टर म्हणाले. "डावा चौदा. गाठ कुठेच नाही."