फुटकी कौलं

मुकादमाने ओली माती मुठीत दाबली आणि गोळा धाकटीच्या तळव्यावर ठेवला. "टाकून बघा, मावशी. चिखलात चुना आणि कौलांचा भुगा नीट मुरला असेल तर फुटायचा नाही."

धाकटीने कमरेएवढ्या उंचीवरून गोळा सोडला. धप्पकन पडला, पण होता तसाच राहिला. तिने तो पुन्हा उचलून घेतला. ज्या जमिनीत म्हैस रुतायची, तिथे आता तिचं घर उभं राहणार होतं.

"रोलर फिरव," असं ती म्हणणार, एवढ्यात कुंपणाच्या फटीतून थोरली जाऊ आत आली.

या कुंपणावरून तेवीस वर्षं फक्त खापरं आली होती. थोरलीच्या भट्टीतली फुटकी, करपलेली, वाकडी कौलं पाटीपाटीने धाकटीच्या दलदलीत पडायची. धाकटीचा नवरा गेला त्या दिवशीही दोन पाट्या पडल्या होत्या. बाहेर माणसं बसली होती आणि खापरांचा खळखळाट सगळ्यांनी ऐकला होता. धाकटी तशीच उठून कुंपणाशी गेली, तर थोरली म्हणाली होती, "कुंपणापलीकडे पडलं ते तुझं. खड्डा तुझा, खापरं तुझी."

तीच खापरं यंत्रात भरडून आज पायाखाली गेली होती. कोपऱ्यात भुग्याचा एक ढीग तेवढा उरला होता.

थोरलीच्या साडीला घोट्यापर्यंत चिखल लागला होता. "काय गं हा चिखल, धाकटे."

"आम्हाला सवय आहे, जाऊबाई. बसा."

बसायला उपडं घमेलं होतं. थोरली त्यावर अवघडून बसली. एकदा ढिगाकडे, एकदा धाकटीकडे बघितलं.

"मागची भिंत बसतेय. बोट जाईल एवढी भेग पडलीय. इंजिनिअर म्हणतो, खालची माती चुना आणि भाजक्या मातीच्या भुग्याने घट्ट करा, नाहीतर पावसाळ्यात भिंत आत येईल." ती थांबली. "भट्टी तर कधीच विझली. सुनेला सातवा लागलाय. एक ट्रॉली दे."

मुकादम बिचारा बाहेरगावचा. म्हणाला, "द्या की, मावशी. आपलं काम झालंय. तो ढीग तसाही उरणारच आहे."

"उरणार नाही. वाटेवर घाल."

"वाट तर कालच झाली."

"आणखी एक थर घाल."

"दगडासारखी झालीय हो ती. कशाला उगाच?"

"माझी वाट आहे."

मुकादमाने डोकं खाजवलं आणि गड्यांना खूण केली. फावडी ढिगात शिरली. थोरली उठली, पुन्हा बसली.

"किती वर्षं मनात धरशील? नव्हतं कळत मला तेव्हा."

"नेम बरा लागत होता तुमचा, न कळता."

"माझ्यासाठी नको देऊस. त्या पोरीने तुझं काय केलंय?"

धाकटीने ऐकलं. ही सून येता-जाता कुंपणाशी थांबून 'काकू, बरं आहे ना' असं विचारायची. अख्ख्या त्या घरात ती एकटीच. धाकटीची नजर क्षणभर फावड्यांवर गेली. अर्धा ढीग अजून शिल्लक होता.

"जाऊबाई, कुंपणापलीकडे पडलं ते कुणाचं?"

थोरली साडीचा चिखल झटकू लागली.

"तुमचंच बोलणं आहे. मी आपलं पाठ करून ठेवलं." आणि मान न वळवताच ती म्हणाली, "मुकादम, फिरव रे रोलर."

रोलर घरघरत वाटेवर चढला. तांबडा भुगा त्याच्याखाली बसत गेला. थोरली शेवटपर्यंत बघत राहिली. मग ती निघाली, तेव्हा धाकटीने हातातला गोळा तिच्यापुढे धरला.

"हा न्या. एवढाच उरलाय."

थोरली तो भिरकावेल असं वाटलं होतं. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. फुटू नये म्हणून ओंजळीत जपत, चिखलातून एकेक पाऊल टाकत ती कुंपणापलीकडे गेली.

"मावशी," मुकादमाने पाण्याचा तांब्या पुढे केला, "हात धुऊन घ्या. चुना खातो कातडीला."

धाकटीने हात पुढे केला. गोळा दिल्यावर मूठ पुन्हा आवळली गेली होती. मुकादम पाणी ओतत राहिला, ते मुठीवरून वाहून गेलं, आणि बोटं काही उघडली नाहीत.