पर्वत पाटियाचा राग

"पीं पीं!" कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो पर्वत पाटियाच्या चौकातून गेला आणि नूतनने तक्त्यात दोन रेघा मारल्या. राग, दोन. शेजारच्या रकान्यात चालकाचं शिक्षण: अडाणी. ते विचारायचं नसतं, चेहऱ्यावरून कळतं, असं हरणे सर म्हणायचे. सर मानसशास्त्राचे डॉक्टर, त्यांना काय, सगळंच चेहऱ्यावरून कळायचं!

नूतन एम.फिल. करत होती आणि सरांची संशोधन सहायकही होती. म्हणजे सकाळी सरांच्या मुलाचा गृहपाठ, दुपारी टायपिंग आणि संध्याकाळी हॉर्न मोजायचे. तीन महिने हेच. अडाणी चालक रागानेच हॉर्न वाजवतो, हा सरांचा निष्कर्ष मोजणीच्या आधीपासूनच तयार होता. तिच्या प्रबंधावर त्यांची सही तेवढी बाकी होती.

त्या संध्याकाळी ती वडिलांच्या, निंबाच्या टेम्पोतून घरी निघाली. निंबा पलसाण्याहून कापड घेऊन आला होता. चौकातली मारुतीची देवळी आली तसे त्याने दोनदा हॉर्न दिला. रस्ता तर मोकळा होता.

"आबा, कोणावर चिडलात?"

"कोनवर चिडसू व माय? मारुतीले रामराम शे हाऊ. समदाच करतस."

नूतनने तक्ता मागे चाळला. तीन महिन्यांचे रामराम तिने राग म्हणून लिहून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सगळं सांगितलं. सर भडकले.

"पेपर छापायला गेलाय! मारुतीला रकाना नाही आपल्याकडे. सही हवी आहे ना? मग डोकं चालवू नकोस, रेघा मार. चल, आज दुपारपासूनच. चौकात सोडतो."

ती सरांच्या फियाटमध्ये बसली. सही अडण्याची भीती वाटत होती आणि संतापही आवरत नव्हता. मांडीवर तक्ता होता. आबांनाही अडाणी लिहिलेलं पान त्यातच कुठेतरी होतं.

चौक आला. दुपारची वेळ, समोर चिटपाखरू नव्हतं. देवळीपाशी सरांनी गाडी हळू केली, डावा हात कपाळाला लावला आणि उजव्या हाताने हॉर्न दाबला. दोनदा.

नूतनने तक्ता उघडला. दोन रेघा मारल्या आणि पेन शेजारच्या रकान्यावर टेकवलं.

"राग, दोन. चालकाचं शिक्षण काय लिहू, सर?"