मनातला नेम

डोळे मिटले, श्वास धरला, हळूच ट्रिगर दाबला. पुन्हा सात!

"अरे येड्या, हातात पिस्तूल नाही, समोर टार्गेट नाही," ताई पलंगावरून ओरडली. "मनातल्या मनात तरी दहा मार की!"

तेच तर जमत नव्हतं. उद्या माझी पहिली नेमबाजी स्पर्धा. पिस्तूल क्लबचं, शिकवणी मोबाईलवरची. सगळे व्हिडिओ सांगतात, आदल्या दिवशी मनात नेम धरून बघा. सकाळपासून धरतोय! पण मनातसुद्धा पप्पा मागे येऊन उभे राहतात, 'च्च' करतात आणि माझा हात हलतो.

"मग हाकल त्यांना," ताई म्हणाली.

तेवढ्यात खरंच पप्पा दारात आले. "उद्या मी येऊ का रे सोबत?"

"नको!" मी खेकसलोच. "तुम्ही मागे उभे असलात की नेम चुकतो माझा."

पप्पा गोंधळले. "मी? मी तर तिथं कधी आलोच नाही."

मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

"बरं, नाही येत," ते म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय? गोळी मधे लागली तर जास्त मार्क की कडेला, तेसुद्धा माहीत नाही. मी आपला डबा धरून बसलो असतो."