एकच पेला

रविवारी दाल्वाच्या अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजायला ठेवलं, की कायपिरीन्याचा एकच मोठा पेला सगळ्यांत फिरतो. लिंबू, साखर, बर्फ आणि उसाची दारू. आपण घोटभर घ्यायचं आणि शेजारच्याला द्यायचं. वेगळा पेला मागतो तो पाहुणा, घरचा नव्हे.

दारू सोडल्यापासून आन्सेल्मो बहिणीच्या या अंगणात फिरकला नव्हता. आज आईने त्याला हट्टाने ओढून आणलं होतं.

दाल्वाने लिंबं ठेचली, बाटलीतलं ओतलं आणि पेला निघाला. तिच्या नवऱ्याने पहिला घोट घेऊन डोळे गच्च मिटले. "अगं, अर्धी बाटली ओतलीस की काय!" भाचीला ठसका लागला. "मामा, माझे तर कान तापले!" आईनेही मिटक्या मारल्या आणि पेला लेकाच्या हातात दिला.

मग सगळे एकदम धुराबद्दल बोलायला लागले.

आन्सेल्मोने श्वास रोखला. पेला तसाच पुढे द्यायचा, एवढं तो घरून ठरवून आला होता. पण पेला पुढे करताना श्वास सुटला आणि वास नाकात शिरला. नुसता लिंबाचा. दारूचा मागमूसही नाही. त्याने आईकडे पाहिलं. ती निखाऱ्यांकडे बघत होती.

आन्सेल्मोने पेला तोंडाला लावून चांगला मोठा घोट घेतला.

"ताई," डोळे पुसत तो म्हणाला, "आज भलतीच कडक झालीय गं."